डाव्या चपलेचा तपास

माझ्या दुकानाच्या पायरीवरून एका आठवड्यात चार चपला गेल्या, आणि चारही डाव्या पायाच्या. उजव्या जागच्या जागी होत्या. चोराने जोडी नेली असती तर माणूस दोन शिव्या हासडतो आणि नवीन घेतो. पण एकच नेली की तो उरलेली उजवी हातात धरून तासभर बसून राहतो. ती घालता येत नाही, टाकवत नाही, आणि कुणाला देऊन पुण्यही लागत नाही.

दुकान भामरागडच्या रस्त्यावर, तोंड पर्लकोटेच्या पुलाकडे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ आणि खाली खडूने ‘नेटवर्क असल्यास’. गिऱ्हाइकाने चपला बाहेर काढायच्या, कारण आत मी पांढऱ्या टाइल्स बसवल्या आहेत. त्या बसवू नका असं बायको सांगत होती. ती पुष्कळ गोष्टी आधी सांगते.

पहिली चप्पल गेली ती उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायला आलेल्या एका पोराची. तो बाहेर गेला आणि लंगडी घालत परत आला. “दादा, माही डावी दिसून नाही रायली.” दुसरी एका शिक्षकाची, तिसरी एका आजीची. चौथी माझी स्वतःची. तोपर्यंत मी लोकांना ‘आपल्या वस्तू आपण सांभाळाव्या’ असं ऐकवत होतो. चौथीनंतर माझ्या लक्षात आलं की गावातली कायदा-सुव्यवस्था ढासळत चालली आहे.

दुकानासमोरच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी सकाळ-संध्याकाळ बसतात. त्यांनी उरलेल्या चार उजव्या चपला ओळीने मांडून तपास केला.

“चोर एका पायाचा हाय. उजवा पाय नाही त्याले.”

“गुरुजी, पण एका पायाला चार चपला कशाला?”

“मापाची मिळेपर्यंत नेत असंल.”

या तर्काला उत्तर नव्हतं. चारही चपला वेगवेगळ्या मापांच्या होत्या, म्हणजे शोध अजून चालू होता.

बायको आरोग्य खात्यात नर्स आहे. ड्युटीवरून आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, भिंतीला एक फळी ठोका. लोकांना म्हणावं चपला वर ठेवा.”

फळी, दोन खिळे आणि पाच मिनिटं. इतका सोपा उपाय पुरुषाला सहन होत नाही. आधी तो आपल्याला सुचला नाही याचा राग येतो, आणि मग त्यात खर्च नाही म्हणून तो खरा वाटत नाही. मी गंभीर आवाजात म्हणालो, “फळीने चोर सापडणार नाही. मुळाशी गेलं पाहिजे. कॅमेरा लावू.”

“तीनशे रुपयांच्या चपलांसाठी?”

“प्रश्न चपलांचा नाही.”

प्रश्न चपलांचाच होता. पण ‘प्रश्न अमक्याचा नाही, तत्त्वाचा आहे’ हे वाक्य एकदा उच्चारलं की कितीही पैसे घालवायला माणूस मोकळा होतो.

लेक नागपूरला शिकते. तिने फोनवरून मला दारूगोळा पुरवला. “बाबा, पहिला सीसीटीव्ही १९४२ साली जर्मनीत लावला होता, रॉकेट उडताना लांबून बघायला. आणि घरासाठी कॅमेऱ्याची कल्पना एका नर्सची आहे!” न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. वेळी-अवेळी ड्युटी. दारावर कुणी थाप मारली तर कोण आहे ते आत बसून दिसावं म्हणून तिने नवऱ्याच्या मदतीने यंत्र बनवलं. दाराला वर-खाली चार भोकं, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा आणि आत पडदा. १९६६ साली अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळालं. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर होता.

मी ही हकिकत बायकोला तिखटमीठ लावून सांगितली. घरात नर्स आहे, म्हणजे अर्धी अट पूर्ण झालीच आहे, असंही म्हणालो.

“आणि कारागीर?” एवढंच विचारून ती भाकरी थापायला गेली.

चंद्रपूरच्या एका दुकानदाराला फोन लावला. मला वाटलं होतं, कॅमेरा म्हणजे कॅमेरा. दुकानदाराने एका श्वासात विचारलं, “ॲनालॉग की आयपी? डीव्हीआर की एनव्हीआर? डोम की बुलेट? दोन मेगापिक्सेल की चार? रात्री रंगीत पायजे की काळंपांढरं चालते?” आमच्या लग्नातही बस्त्याला एवढे प्रश्न पडले नव्हते.

मी म्हणालो, “भाऊ, चप्पल दिसली पाहिजे.”

तो क्षणभर गप्प झाला. मग समजुतीने म्हणाला, “पहिले ठरवा, तुमाले नेमकं पाहाचं का हाय? मग कॅमेरा ठरते.”

हा प्रश्न मी घरी मांडला, ही माझी चूक. बायकोला मागच्या अंगणातल्या कोंबड्या पाहायच्या होत्या, कारण दोन कोंबड्या अंडी देतात की नुसत्याच ओरडतात याचा तिला संशय होता. लेकीला रात्री मागे बिबट्या येतो का ते बघायचं होतं. आला तर काय करणार, असं विचारल्यावर “स्टेटस ठेवीन” म्हणाली. गुरुजींचं घर कॅमेऱ्यात येणार नव्हतं, तरी ते म्हणाले की रस्ता पूर्ण आला पाहिजे, कोण कोणाकडे जाऊन राहिला ते समजते. ते मुळात दिवसभर रस्त्यावरच बसलेले असतात. त्यांना जेवायला घरी जावं लागतं तेवढ्या वेळाची सोय हवी होती.

ही यादी ऐकून दुकानदार म्हणाला, “भाऊ, तुमाले कॅमेरा नाही, हेलिकॉप्टर पायजे.”

त्याने सगळं समजावून मात्र सांगितलं. डीव्हीआरला जाडी तार आणि प्रत्येक कॅमेऱ्याची वीज वेगळी. एनव्हीआरला नेटची तार, आणि तशी पेटी घेतली तर त्याच तारेतून वीज पण जाते. “आमच्याकडे वीज तारेपर्यंत येईल याची काय हमी?” असं मी विचारल्यावर त्याने त्या प्रश्नाला हात लावला नाही. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसाला वीसेक जीबी खातो. तीन कॅमेरे साठ-पासष्ट. एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये पंधरा दिवस बसतात आणि सोळाव्या दिवशी पहिला दिवस आपोआप पुसला जातो. ही सोय मला फार आवडली. आमच्या घरच्या हार्डडिस्कमध्ये एकोणीस वर्षांपूर्वीच्या दिवाळीतलं माझं एक वाक्य अजून शाबूत आहे.

“नाहीतर क्लाऊडवर ठेवा ना. सगळं वर जाते.”

“भाऊ, आमच्याकडे चार महिने क्लाऊडच असतात. वर काही राहत नाही, सगळं खाली येतं.”

शेवटी दोन बुलेट, एक डोम, एक पेटी, तारेचं एक वेटोळं आणि वायफायचा डबा असं ठरलं. साडेअकरा हजार. बसवायला माणूस पाठवता का, असं विचारलं. भामरागड हे नाव ऐकल्यावर त्या बाजूला जी शांतता पसरली ती मला ओळखीची होती. उभ्या महाराष्ट्रात साहेब लोक कनिष्ठांना ‘गडचिरोलीला पाठवीन’ असा दम देतात. आम्ही त्या दमाच्याही शेवटच्या टोकाला राहतो. आलापल्लीपासून जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर आत, जिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड सुरू होतं. “तुमीच लावून घ्या भाऊ,” तो म्हणाला, “व्हिडिओ राहते मोबाइलवर.”

सामान आणायला मी स्वतः चंद्रपूरला गेलो. परतीच्या एसटीत जे झालं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. आलापल्ली सोडल्यावर रेंज जायच्या आत लेकीचा फोन आला. बसच्या आवाजात तिला ऐकू येईना, म्हणून मी ओरडून सांगितलं, “हो, हो, घेतल्या! दोन बुलेट घेतल्या! नाही, आत एक पुरे! बाहेरच्यासाठी दोन!”

भामरागडच्या बसमध्ये हे वाक्य म्हणू नये. शेजारच्या आजोबांनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि मग पिशवीसकट मागच्या सीटवर गेले. पुढे नाकाबंदीला बस थांबली. एक तरुण जवान चढला. बसमधल्या एकूण एक माणसाने माझ्याकडे बघितलं, त्यामुळे त्याचाही निम्मा तपास वाचला.

“काय हाय ओ काका खोक्यात?”

“बुलेट,” मी म्हणालो. घाबरलं की माणूस खरं बोलतो, पण अर्धंच.

“काय?”

“बुलेट कॅमेरा, साहेब. गोळीसारखा दिसतो म्हणून. आणि एक डोम. तो घुमटासारखा. चपलांसाठी.”

खोकं उघडलं. जवानाने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, आता साडेअकरा हजार गेले. तो म्हणाला, “भिंतीवर लई उंच नका लावू. आमच्या घरी तीच चूक झाली, नुसती टाळकी दिसत्यात.” मग खिशातून मोबाइल काढून एक जुनी क्लिप दाखवली. सोलापूरकडचं कुठलं तरी गाव, शेणाने सारवलेलं अंगण, एक बाई पाठमोरी झाडत होती. “आई,” तो म्हणाला. “रेंज असली की बघतो. तिला अजून म्हाईत नाही की आवाज पण येतो. सुनेबद्दल काय काय बोलती!” तो हसत उतरला. बस सुरू झाल्यावर आजोबा परत माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी त्यांच्या कोंबड्यांसाठी कोणता कॅमेरा बरा, हे विचारलं.

बसवायच्या दिवशी शिडीखाली नऊ माणसं जमली. वर एक, म्हणजे मी. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगत होता की हे काम दहा मिनिटांचं आहे. त्याच्याकडे ड्रिल मशीन होतं आणि वीज होती. माझ्याकडे ड्रिल मशीन होतं. दुपारी लाईन आल्यावर पहिलं भोक पाडलं, ते आरपार जाऊन आतल्या कॅलेंडरमधून बाहेर आलं. खालून सूचना चालू होत्या: “थोडा डावीकडे.” “तुमचं डावं की आमचं?” “चपलेचं.” दुकानात कामाला चिन्ना नावाचा मुलगा आहे. जंगलातल्या एका पाड्यावरचा, बोलतो कमी. तो शिडी धरून उभा होता. त्याने फक्त एकदा वर बघून विचारलं, “दादा, हे चपलेसाठीच ना?” मी “हो” म्हणालो. तो पुन्हा गप्प झाला.

संध्याकाळपर्यंत एक बुलेट दारावर पुलाकडे तोंड करून, दुसरी मागे कोंबड्यांकडे आणि डोम आत काउंटरवर, अशी रचना झाली. पेटी सुरू झाली. पहिलंच चित्र डोमचं आलं. काउंटरमागे एक माणूस पाठमोरा बसला होता आणि त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला ताटलीएवढं टक्कल होतं. हा माणूस दुकानात कसा शिरला म्हणून मी वळून पाहिलं, तर पडद्यावरचाही वळला. इतकी वर्षं एकाच न्हाव्याकडे जातो मी, त्याने ही बातमी एकदाही फुटू दिली नव्हती.

मग पासवर्ड. कारखान्यातून ‘ॲडमिन’ असा पासवर्ड येतो. तो मला फार सोयीचा वाटला. लेक ओरडली, “बाबा, तो आधी बदला! २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच पासवर्ड वापरून जगभरातले लाखभर कॅमेरे आणि पेट्या ताब्यात घेतल्या. त्यांच्याकडून हल्ला करवून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या.” आपल्या कोंबड्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा रात्री अमेरिकेवर हल्ला करेल, या कल्पनेने माझी छाती जरा फुगली. पण जबाबदार नागरिक म्हणून मी पासवर्ड बदलला. इतका अवघड ठेवला की कुणाच्या बापाला कळणार नाही. तिसऱ्या दिवशी मलाही कळेना. शेवटी पेटीच्या पाठीवरचं बटण टाचणीने दाबून सगळं पुन्हा सुरू केलं आणि नवा पासवर्ड पेटीवरच पेनाने लिहून ठेवला. चोराने पेटी नेली तर त्याची तरी गैरसोय नको.

पहिल्या रात्री मोबाइलवर ३१६ वेळा घंटी वाजली. ‘हालचाल आढळली.’ मी ३१६ वेळा उठलो. ३१२ वेळा पतंग होते. मृगाचे दिवस जवळ आलेले, किडा-पाखरू उठलेलं. कॅमेऱ्याला रात्री दिसावं म्हणून त्याच्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात. आपल्याला दिसत नाहीत एवढंच, किड्यांचा तिथे मेळावा भरतो. जवळून गेलेला पतंग पडद्यावर पांढऱ्या शालीएवढा दिसतो. दोन रात्री मी बायकोला भूत म्हणून दाखवला. उरलेल्या चारांपैकी तीन वेळा ‘व्यक्ती आढळली’ असा खास इशारा आला. ती व्यक्ती म्हणजे मागच्या दोरीवर वाळत घातलेला माझा सदरा होता. सदऱ्यात मी असतो तेव्हा मात्र त्या यंत्राने मला एकदाही व्यक्ती म्हटलेलं नाही.

चौथ्या रात्री घंट्या एकदम थांबल्या. मला वाटलं, यंत्राला अक्कल आली. सकाळी पाहतो तर एका कोळ्याने भिंगासमोर जाळं विणलं होतं. त्याने बरोबर हेरलं होतं की इथे रोज फुकट जेवणावळ बसते. पडद्यावर जाळ्याचे धागे दोरखंडाएवढे आणि मधोमध कोळी बसलेला, पाठीमागे सगळा रस्ता धूसर. गुरुजी म्हणाले, “राहू दे. येवढ्यात तोच एक कामावर हाय.”

दरम्यान सहावी चप्पल गेली. पाचवी कॅमेरा यायच्या आधीच गेली होती, सौभाग्यवतींची, ड्युटीची पांढरी. सहावी गेली कॅमेऱ्याच्या उपस्थितीत, भर दुपारी, तीही एका वनरक्षकाची. आम्ही सगळं काम सोडून रेकॉर्डिंग पाहिलं. वनरक्षक येताना दिसतो, पायरीपर्यंत येतो आणि नाहीसा होतो. मग आतल्या कॅमेऱ्यात उगवतो. अर्ध्या तासाने बाहेर येतो तेव्हा एका पायाने चालत असतो. मधल्या अर्ध्या तासात पूल, आभाळ, दोन बकऱ्या आणि रस्त्यापलीकडे डुलक्या घेणारे गुरुजी. गुरुजींनी हा भाग पुन्हा लावू दिला नाही.

वनरक्षक मात्र समजूतदार होता. “निराश नका होऊ,” म्हणाला. “आम्ही वाघ मोजतो तेव्हा असंच होतं. झाडाला कॅमेरे बांधतो, समोरासमोर दोन. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजवीचे वेगळे, म्हणून दोन्ही बाजू लागतात.” मग त्याने आकडे सांगितले. २०१८ च्या देशभराच्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. गिनीज बुकात नोंद झाली. फोटो निघाले जवळपास साडेतीन कोटी आणि त्यांत वाघाचे ७६,६५१. मी लगेच काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. साडेचारशे फोटोंमागे एक वाघ.

“आणि बाकीचे?”

“हरणं, माकडं, हललेलं गवत. आणि आम्ही. कॅमेरा बांधताना आमचे स्वतःचे किती तरी निघतात.”

मला फार बरं वाटलं. देश जर साडेचारशे फोटोंत एका वाघावर समाधानी असतो, तर माझ्या ३१६ घंट्यांत चोर नसणं हे गणिताच्या नियमाला धरूनच होतं. गुरुजींनी विचारलं की वाघाला दोन बाजू लागतात, तर आपल्या चोराला एकच डावी बाजू पुरेल का. वनरक्षकाने उत्तर दिलं नाही. त्याला एका चपलेवर घरी जायचं होतं.

त्या संध्याकाळी मी पायरीवर डोकं धरून बसलो होतो. चिन्ना दुकान झाडत होता. झाडता झाडता म्हणाला, “दादा, त्या चपला आणू का?”

“कोणत्या चपला?”

“डाव्या.”

तो मला शेजारच्या बंद टपरीकडे घेऊन गेला. टपरी विटांवर उभी आहे. वाकून बघितलं. आत पोत्याच्या तुकड्यावर एक कुत्री पसरली होती, तिच्याभोवती चार पिल्लं, आणि पिल्लांभोवती, अगदी पाळण्याला खेळणी टांगावीत तशा, सहा चपला. शिक्षकांची चप्पल अंगठ्यापर्यंत खाल्लेली होती. बायकोची पांढरी सँडल मात्र शाबूत. एक पिल्लू तिच्यात झोपलं होतं.

“डाव्याच काऊन नेते ती?”

“टपरी डावीकडे हाय ना. तिकून जे पहिलं सापडते ते नेते.”

दिव्याखाली अंधार असतो हे शाळेत शिकलो होतो. कॅमेऱ्याखालीही असतो, हे साडेअकरा हजारांत शिकलो. दाराच्या बरोबर वर लावलेला तो कॅमेरा पुलापर्यंतचं सगळं जग बघत होता. फक्त स्वतःच्या खालची पायरी सोडून. भिंतीला घासत एक कुत्री रोज येत होती आणि चप्पल घेऊन भिंतीला घासतच जात होती.

“चिन्ना, तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवशीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तो खरोखर गोंधळला. म्हणाला, “मले वाटलं, तुमाले कॅमेरा घ्याचा हाय.”

बरोबरच होतं. चोर आधी सापडला असता तर कॅमेऱ्याचं काय कारण उरलं असतं? फळी तेव्हाही होती आणि खिळे माझ्याच दुकानाच्या खणात होते. मला चपला सापडायला नको होत्या, मला कॅमेरा हवा होता आणि त्याला शोभेल असा चोर मी शोधत होतो. हे बायकोला सांगण्याची गरज पडली नाही. मी घरी पोचेपर्यंत भिंतीवर फळी ठोकलेली होती.

आता या तीन कॅमेऱ्यांचं करायचं काय? मागच्या कॅमेऱ्याने बायकोचा प्रश्न आठ दिवसांत सोडवला. एक कोंबडी अंडी देते, दुसरी ओरडते. डोम मी टोपी घालून सहन करतो. उरला दारावरचा, पुलाकडे बघणारा. त्याला काम लेकीने दिलं.

पावसाळ्यात भामरागडला पत्ता नसतो, फक्त एक प्रश्न असतो: ‘पूल खुला हाय का?’ इंद्रावतीला पूर आला की ती पर्लकोटेचं पाणी आत घेत नाही. ते पाणी मागे फुगतं आणि पुलावर चढतं. पूल गेला की रस्ता संपला, तालुका बेट झाला. २०१९ च्या पावसाळ्यात असं इतक्या वेळा झालं की लोकांनी मोजणं सोडलं होतं. बाहेर शिकणारी पोरं, दवाखान्याला गेलेली माणसं, आलापल्लीच्या स्टँडवर अडकलेली कुटुंबं, सगळे एकमेकांना फोन करून हेच विचारतात. लेक नागपुरातून मोबाइलवर माझा कॅमेरा उघडायची आणि मैत्रिणींना सांगायची, “खुला आहे. आत्ता एक ट्रॅक्टर गेला.” हळूहळू तिच्याकडे ओळखी-अनोळखी चाळीसेक लोक विचारू लागले.

“बाबा, तुमच्या कॅमेऱ्याचा केंब्रिजचा कॉफीचा कॅमेरा झालाय,” ती म्हणाली. तिथल्या विद्यापीठात काही संगणकवाले इमारतीच्या दुसऱ्या भागात बसायचे आणि कॉफीचं भांडं लांब. जिने चढून-उतरून जावं तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. पुढे तो इंटरनेटवर आला आणि जगभरातले लोक एका कॉफीच्या भांड्याकडे टक लावून बसू लागले. २००१ साली बंद झाला. एवढे शिकलेले लोक भांडं भरलं का ते बघतात, मग आम्ही नदी भरली का ते बघितलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते पहिल्या मोठ्या पावसात. नदी चढू लागली, चाळीस माणसं नागपुरापासून आलापल्लीपर्यंत डोळे लावून बसली, आणि नेमकं पाणी पुलाला लागायच्या वेळी लाईन गेली. इन्व्हर्टर चार तास चालला. नंतर नेटवर्क गेलं. म्हणजे पूल कोरडा असताना तो अखंड दाखवणारा आणि बुडताना डोळे मिटणारा असा हा कॅमेरा. मी कपाळाला हात लावला. पाच दिवस आम्ही बेटावर होतो. पाणी दुकानाच्या खालच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं. कुत्री पिल्लांसह माझ्या पांढऱ्या टाइल्सवर मुक्कामाला होती.

सहाव्या दिवशी सगळं परत आलं. लेकीचा फोन आला. मी आधीच सफाई द्यायला लागलो, “अगं, ऐन वेळी बंद पडला, काय करू?”

“बंद पडला म्हणून तर कळलं!” ती म्हणाली. “स्क्रीन काळी झाली आणि मी सगळ्यांना मेसेज टाकला, पूल बुडाला. एकदम बरोबर निघालं. आता कुणी पुलाबद्दल विचारतच नाही, ‘काळं झालं का’ एवढंच विचारतात.”

एकूण साडेअकरा हजारांच्या त्या यंत्राने सबंध कारकिर्दीत एकच अचूक बातमी दिली, आणि ती बंद पडून दिली.

“बाबा, एक काम करा ना. कॅमेरा थोडा खाली वळवा.”

“आता कशाला? चोर तर सापडला.”

“चोर नाही हो. आई मघाशी समोरचा चिखल झाडत होती. झाडत झाडत पायरीपाशी आली आणि दिसेनाशी झाली.”

मला तो नाकाबंदीवरचा जवान आठवला. मी लेकीला म्हणालो, “आवाज पण येतो बरं का यात.”

“मला माहीत आहे. आई तुमच्याबद्दल काय काय बोलते ते सगळं ऐकलंय.”

मी चिन्नाला शिडी आणायला सांगितली. शिडीच्या पायथ्याशी चपला काढल्या, फळीवर ठेवायचा कंटाळा केला आणि वर चढलो. कोळ्याला जरा बाजूला केलं, स्क्रू सैल करून कॅमेऱ्याची मान खाली वळवली. “अजून... अजून... बास! आता पायरी दिसतेय,” फोनमधून लेक म्हणाली. आणि मग हसतच सुटली.

“काय झालं?”

“काही नाही बाबा. तुम्ही उतरा.”

खाली उतरलो. पायथ्याशी एकच चप्पल होती.